पुलावरचा दुसरा डोळा

माझ्याबरोबर दुकानात यायला घरातलं कुणी तयार नसतं. मिक्सर घ्यायचा असला तर मी दुकानदाराला सांगते, आधी यात ओलं खोबरं वाटून दाखवा. तो म्हणतो, बाई, आता खोबरं कुठून आणू? मी पिशवीतून वाटी काढते. आमचे हे तेवढ्यात समोरच्या दुकानांच्या पाट्या वाचायला लागतात. मुलगी तर तोंडावर म्हणते, "आई, तू रिटायर झालीस, पण तुझं ऑफिस काही रिटायर झालं नाही."

खोड आहे खरी, पण ती पोटापाण्याने लावलेली आहे. सरकारी खात्यांनी विकत घेतलेली यंत्रं कंत्राटात लिहिल्याप्रमाणे चालतात की नाही हे जागेवर जाऊन बघायचं, हे माझं काम होतं. सातारा आणि सांगली हे दोन जिल्हे माझ्या वाट्याला आले आणि मी त्यांना सोडलं नाही. बढतीवर मुंबईला जायची वेळ आली तेव्हा सासूबाईंच्या गुडघ्यांचं कारण पुढे केलं. सासूबाईंचे गुडघे माझ्यापेक्षा धडधाकट होते.

बाहेरच्या माणसाला हे काम समजावून सांगायचं तर असं. खातं एखादी यंत्रणा मागवतं. बसच्या वेळा दाखवणारा फलक, पावसाचं मापक, हजेरीचं यंत्र, काहीही. कंपनी ती बसवते आणि म्हणते, चालतं. खातं म्हणतं, चालत असेल. मग एक तिसरं माणूस लागतं, ज्याला ते चाललं काय आणि बंद पडलं काय, सोयरसुतक नाही. ते माणूस जाऊन तीन प्रश्न विचारतं. वस्तू आली का? चालू होते का? आणि ज्यासाठी आणली ते काम करते का? पहिल्या दोन प्रश्नांत कुठलाही कंत्राटदार पास होतो. तिसऱ्या प्रश्नाशी घोडं पेंड खातं.

वाईच्या स्टँडवर असंच झालं होतं. नवा झगमगीत फलक लागला होता. मी कुणाला न सांगता गेले आणि बाकावर जाऊन बसले. फलकावर पुण्याची गाडी आली, थांबली आणि निघूनही गेली. स्टँडवर मात्र गाडी सोडाच, गाडीचा धूरसुद्धा नव्हता. शेजारी एक गुरुजी पूजेचं गाठोडं मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "ताई, त्या पाटीकडे बघू नका. ती आपली आपली चालते. गाडीचं विचारायचं तर त्या खिडकीत." फलक गाड्यांशी जोडलेलाच नव्हता, नुसतं वेळापत्रक गिरवत होता. कंपनीचा माणूस मला म्हणाला, "मॅडम, पाटी तर चालू आहे ना?" मी म्हटलं, चालू आहे हो, पण प्रवाशाला पाटीत बसून पुण्याला जायचं नाहीये.

हा झाला कंपनीचा नमुना. लोकांचा नमुना मला तासगावला भेटला. तिथे एका द्राक्षबागेत पाऊस मोजायचं यंत्र बसवलं होतं. आजूबाजूच्या सगळ्या गावांत पाऊस पडला तरी या एका बागेत कोरडा ठणठणीत दुष्काळ. कंपनीने यंत्र दोनदा बदललं, दुष्काळ हटेना. मी गेले तेव्हा आभाळ भरून आलेलं. बागायतदार लगबगीने आला आणि माझ्या डोळ्यांदेखत त्याने त्या यंत्रावर जाड प्लास्टिकचा कागद घालून सुतळीने बांधला. मी विचारलं, हे काय? तो म्हणाला, "आवं मॅडम, एवढं सरकारचं मशीन, भिजल्यावर खराब न्हाई व्हायचं?" ज्याने उभा जन्म द्राक्षाचा घड पावसापासून झाकण्यात घालवला, तो पाऊस मोजणारं यंत्र उघडं कसं ठेवील? मी रागवायला गेले होते, बेदाण्याची पुडी घेऊन परत आले.

त्या दिवशी मला एक गोष्ट कळली. कंत्राटात 'वापरकर्ता' असा एक शब्द असतो. आमच्याकडच्या गावांत वापरकर्ता नसतोच. यंत्र एकतर परकं असतं, नाहीतर घरचं. आणि घरचं झालं की त्याला आंघोळ घालतात, झाकतात, त्याची दृष्ट काढतात. हे कुठल्याही निविदेत लिहिलेलं नसतं.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला बसले ती सांगते.

सांगलीच्या वरच्या अंगाला कृष्णेकाठी एक गाव आहे. नाव लिहीत नाही, गावाला ते आवडणार नाही. मागच्या एका मोठ्या पुरात त्या गावाची खालची आळी पाण्यात गेली आणि माणसं पत्र्यावरून होडीत उतरवावी लागली. इशारा आला होता, पण तो मोबाइलवर आला होता, आणि गावात वीज नसल्याने मोबाइल मेलेले होते. म्हणून पुढे सरकारने तिथे पुराचा भोंगा बसवला. पुलाच्या कठड्यावरून नदीवर एक लोखंडी हात काढायचा आणि त्याच्या टोकाला खाली तोंड करून एक डबी लावायची. डबी आवाज सोडते, तो पाण्यावर आपटून परत येतो, आणि त्यावरून पाणी किती खाली आहे हे तिला समजतं. विहिरीत हाक मारून पाणी किती खोल ते ओळखतात ना, तसं. पाणी धोक्याच्या रेघेला आलं की शाळेच्या माळावरचा भोंगा वाजायचा. खरं म्हणजे ती डबी कान होती, पण गावाने तिला डोळा म्हटलं आणि पुढे कागदोपत्रीसुद्धा तेच झालं.

डोळ्याची देखरेख नाना नावाच्या निवृत्त हवालदाराकडे होती. उंच, ताठ, बोलणं मोजकं. त्याची बायको हौसाक्का. बोलायचं सगळं काम तिने स्वतःकडे घेतलेलं. त्यांचं घर खालच्या आळीत, पुलाला सगळ्यांत जवळचं. पुरात पहिलं पाणी त्यांच्याच उंबऱ्याला लागायचं.

खंडेनवमीच्या दिवशी, लख्ख उन्हात, भर दुपारी भोंगा वाजला. गाव पळालं. गुरं, गॅसच्या टाक्या, टीव्ही, लोणच्याच्या बरण्या, सगळं शाळेच्या माळावर. एकाने नव्या नवरीचं रुखवत नेलं आणि म्हाताऱ्या चुलत्याला घरी विसरला. माळावरून सगळ्यांनी खाली बघितलं तर कृष्णामाई आपली पात्रात शांत निजलेली. काही हसले, काही नानाच्या अंगावर धावून गेले. दसऱ्याचं सोनं त्या वर्षी नानाला फार थोड्या लोकांनी दिलं.

मला चौकशीला पाठवलं. कंपनीकडून निनाद नावाचा पुण्याचा तरुण इंजिनिअर आला होता. मुलगा सभ्य, बुटांना चिखल लागला तरी चेहरा न बदलणारा. आम्ही पुलावर गेलो आणि चौकशी तिथेच संपली. डोळ्याच्या लोखंडी हाताला झेंडूचा भरगच्च हार बांधलेला होता आणि तो डोळ्याच्या बरोबर खाली लोंबत होता. डोळ्याने आवाज सोडला, तो हातभर अंतरावरच्या झेंडूवर आपटून परत आला. डोळ्याला वाटलं, पाणी पुलाला टेकलं.

नाना मान खाली घालून उभा होता. हौसाक्का पुढे आली.

"हार मी घातला, मॅडम. ह्यांचा काय संबंध न्हाई."

"का घातला?"

"का म्हंजी? खंडेनवमीला इळ्याखुरप्याला फूल वाहायचं, उसाच्या कोयत्याला वाहायचं, आनि आमाला वाचिवणाऱ्याला न्हाई?"

मी तिचं वाक्य जसंच्या तसं वहीत उतरवलं. निनादने कंत्राटाचा कागद काढला. कंत्राटात लिहिलं होतं की स्थानिकांनी यंत्राशी छेडछाड केली तर कंपनीची जबाबदारी संपते. म्हणजे देखरेख करणारा बदलायचा, भोंगा काढून दुसऱ्या गावाला द्यायचा, आणि हे गाव परत मोबाइलच्या भरवशावर. हार कुणी घातला याची कबुली तर मिळालीच होती. वरच्या साहेबांनाही तेच सोयीचं होतं.

मी तिसरा प्रश्न विचारला. निविदेत दोन डोळे मागितलेले होते, एक चुकला तर दुसऱ्याने सावरावं म्हणून. दोघांचं एकमत झाल्याशिवाय भोंगा वाजायचा नाही, अशी अट. दुसरा डोळा दिसतही होता, पुलाच्या काठाजवळच्या खांबापाशी. मग हार एकाच डोळ्याला असताना भोंगा वाजला कसा? मी निनादला म्हटलं, डोळ्यांच्या लोखंडी हाताला माझी छत्री उघडून टांग. पहिल्या डोळ्याखाली छत्री गेली तर त्याच्या टॅबवर पाणी चढलं. दुसऱ्याखाली गेली तर काडीचाही फरक नाही. दुसरा डोळा नुसता बसवला होता, जोडलाच नव्हता; भोंगा एकट्या पहिल्याच्याच सांगण्यावर वाजत होता. हातच्या कांकणाला आरसा कशाला? निनादचे कान लाल झाले. तो म्हणाला, "मॅडम, माझ्या आधीच्या टीमचं काम आहे हे." मी म्हटलं, असेल बाळ, पण नदीला टीम कळत नाहीत.

अहवालात मी लिहिलं की हार घालणं ही छेडछाड नव्हे. कृष्णेच्या काठावर यंत्र बसवणाऱ्याला दसरा दर वर्षी येतो हे ठाऊक असायला हवं. साहेबांनी हे वाक्य खोडलं, मी पुन्हा लिहिलं, त्यांनी पुन्हा खोडलं. पण दुसऱ्या डोळ्याचं कुणाला खोडता आलं नाही. कंपनीने तो जोडून दिला. भोंगा राहिला, नानाही राहिला.

निघताना मी हौसाक्काला पुलावर नेऊन सगळं नीट समजावलं. डोळा आवाज कसा सोडतो, ऐकतो कसा. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजी त्येच्या म्होरं जे येईल त्येला त्यो पानीच म्हनतो."

"हो. म्हणून फुलं खांबाला. डोळ्यासमोर काही नाही."

"न्हाई घालायची. शपथ."

खात्याने मात्र ताक फुंकून प्यायचं ठरवलं. पुन्हा असा गोंधळ नको म्हणून हुकूम निघाला. पुलाजवळ हाताने भोंगा वाजवायची एक कळ होती, ती काढली. सांगलीच्या कक्षातून वाजवायची सोय होती, तीही बंद केली. आता भोंगा फक्त दोन डोळ्यांच्या एकमतावर. गावात ग्रामसभा घेऊन सांगण्यात आलं की यापुढे भोंगा खोटं बोलणार नाही. मी त्या सभेला होते. मलाही ते पटलं होतं.

पुढच्या श्रावणात घाटावर पाऊस कोसळला. धरणातून पाणी सोडलं. मला सांगलीच्या पूर नियंत्रण कक्षात बसवलं होतं, समोर पडदा, पडद्यावर काठच्या गावांच्या रेघा. शेजारी निनाद, त्याच्या कंपनीतर्फे. बाहेर हळदीच्या पेठेत व्यापारी पोती वरच्या माळ्यावर चढवत होते, तो गलका खिडकीतून येत होता.

दुपारी त्या गावाचा पहिला डोळा धोक्याच्या रेघेवर गेला. दुसऱ्याची रेघ मात्र सपाट होती, पार खाली, जणू त्याची नदी वेगळी. एकमत नाही, म्हणून भोंगा नाही. निनाद पडद्याकडे वाकला आणि त्याला कळलं तेच मलाही कळलं. दुसरा डोळा काठाच्या खांबाजवळ बसवला होता, कारण तिथपर्यंतच वायर पुरली होती. पुरात त्या खांबाशी भोवरा होतो आणि त्यात फेस आणि उसाचं पाचट गोल गोल फिरत राहतं. फेसावर आवाज पडला की तो विरून जातो, परत येत नाही. डोळ्याला काही ऐकूच आलं नाही की तो शेवटचं ऐकलेलं धरून बसतो. आम्ही त्याची परीक्षा आश्विनात घेतली होती, आणि आश्विनात नदीला फेस नसतो.

मी नानाला फोन लावला. उचलला हौसाक्काने.

"मॅडम, पानी आमच्या गोठ्याला लागलं. भोंगा का वाजंना?"

"नाना कुठे आहेत?"

"आळीत फिरत्यात घरोघर. कोन हलंना. म्हनत्यात, नाना, आता कसला हार घातलास? भोंगा वाजू दे, मग निघतो. पोरंबाळं समदी घरात हायती, मॅडम. म्हातारी मानसं हायती."

भोंगा नसता तर लोकांनी पाण्याकडे बघून पाय काढला असता. आता ते भोंग्याकडे बघत होते. तो गप्प आहे म्हणजे धोका नाही, असं त्यांना वाटत होतं. आम्हीच सांगितलं होतं तसं, सभा घेऊन.

मी तिला सांगितलं की दुसरा डोळा फेसामुळे आंधळा झालाय, त्याला पाणी दिसत नाहीये, मी कलेक्टर कचेरीला कळवते, माणसं पाठवते. ती म्हणाली, "मानसं यिस्तवर हितं काय ऱ्हातंय?" मग तिने विचारलं, "दुसरा म्हंजी खांबाजवळचा न्हवं?" मी हो म्हटलं आणि फोन तुटला. परत लागला नाही.

कलेक्टर कचेरीतून होडीची तुकडी निघाली, पण मधला रस्ता पाण्याखाली गेल्याने तिला वळसा पडणार होता. मी नुसती पडद्याकडे बघत बसले. नोकरीत इतकी यंत्रं तपासली, पण एका रेघेकडे बघून देवाचं नाव घ्यायची वेळ तेव्हाच आली.

आणि ती सपाट रेघ एकदम उभी राहिली. चढली नाही, उभीच राहिली, आणि पहिल्या डोळ्याच्याही कितीतरी वर गेली. पडद्यावर गावाचं नाव लाल झालं. भोंगा चालू.

निनाद म्हणाला, "मॅडम, हे रीडिंग खरं नाही. नदी अशी चढत नाही. काहीतरी आडवं आलंय." त्याचा हात माउसवर होता. चुकीचं रीडिंग रद्द करायचा अधिकार कंपनीला होता. नियमाने तर ते त्याचं कर्तव्यच होतं. रद्द केलं की भोंगा थांबला असता.

मी विचारलं, "पहिला डोळा काय म्हणतोय?"

"धोक्याच्या वर."

"मग दुसरा खोटं बोलतोय का? जरा जास्त बोलतोय, एवढंच."

निनादने माझ्याकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, आणि हात काढून खिशात घातला. भोंगा कितीतरी वेळ वाजत राहिला. पुण्याच्या त्या मुलाबद्दल मला तेव्हा जी माया वाटली ती आजही तशीच आहे. त्याच्या लग्नाला मी गेले होते आणि मिक्सर दिला होता. अर्थात वाटून बघितलेला.

खालची आळी रिकामी झाली. होड्या पोहोचल्या तेव्हा पाणी पत्र्यांना लागलं होतं आणि पत्र्यांवर कुणी नव्हतं. सगळी माणसं शाळेच्या माळावर, म्हातारा चुलतासुद्धा.

पूर ओसरल्यावर कंपनीच्या पुण्याच्या कचेरीतून पत्र आलं, की दुसऱ्या डोळ्याच्या नोंदीवरून छेडछाडीचा संशय आहे, चौकशी व्हावी. चौकशीला पुन्हा मीच. गावात पोचले तर घराघरांतून चिखल काढणं चाललं होतं. हौसाक्काच्या घराच्या भिंतीवर पाण्याची रेघ पार पत्र्यापर्यंत होती. ती गादी उन्हात टाकत होती. तिने मला पालथ्या घातलेल्या घमेल्यावर बसवलं आणि चहा टाकला.

मला सरकारी प्रश्न विचारणं भाग होतं. "दुसऱ्या डोळ्यासमोर काही धरलं होतं का?"

"न्हाई. शपथ घातली हुती न्हवं? डोळ्याम्होरं काय न्हाई धरलं. ओटी भरली."

पूर आला की आमच्याकडे बाया कृष्णामाईची ओटी भरतात. खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू. यात नवीन काहीच नव्हतं. मी विचारलं, "कशात भरली?"

"परातीत. मोठ्या. तिला तीन दोऱ्या बांधल्या तागडीवानी, वेळूच्या टोकाला अडकिवली आनि खांबापाशी सोडली खाली. सरळ धराय लागत हुती. कलली की काय हुईना. ह्यांनी मला मागनं कमरंला धरलं हुतं."

नाना इतका वेळ चिखल ओढत होता. तो पहिल्यांदाच बोलला. "तिनं ऑर्डर दिली, मॅडम. मी नुस्ती डूटी केली."

"आणि परात?"

"गेली की," हौसाक्का म्हणाली. "माझ्या आईनं रुखवतात दिलेली. पितळंची. माझं माह्यारचं नाव हुतं तिच्यावर." मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "भोंगा वाजला तशी सोडली. ओटी काय हातात धरून ठेवत्यात व्हय?"

मी मान खाली घालून चहा प्यायले. डोळे भरून आले होते आणि चौकशी अधिकाऱ्याने ते दाखवायचे नसतात.

अहवाल मी त्याच रात्री लिहिला नाही, चांगले चार दिवस घेतले. त्यात लिहिलं की दुसऱ्या डोळ्याखाली ओटीची परात आली होती आणि ती वाहून गेल्यावरही डोळा तेच शेवटचं ऐकलेलं धरून बसला, हे खरं आहे. ती येण्याआधीच पाणी धोक्याच्या वर होतं, हेही खरं आहे. कंत्राटात मागितलेली गोष्ट म्हणजे माणसं वेळेत बाहेर पडणं. ती झाली, पण ती कंत्राटदाराने करून दिलेली नाही. साहेबांनी या वेळी एकही वाक्य खोडलं नाही. दुसरा डोळा मधल्या धारेवर हलवला, हाताने वाजवायची कळ परत बसवली आणि तिची किल्ली नानाकडे दिली. शेवटी मी एक शिफारस केली होती, ती मात्र कुणी गंभीरपणे घेतली नाही. आमच्या धंद्यात जागेवर ठेवायच्या सुट्या भागांची एक यादी असते. वायर, फ्यूज, बॅटरी. त्यात मी लिहिलं होतं, 'परात, एक नग.'

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मी निवृत्त झाले. आता तपासणी मोबाइलवर होते. कंपनीचा माणूस यंत्राचा फोटो पाठवतो, कचेरीतला माणूस त्यावर बरोबरची खूण करतो. सोय झाली, मी नाही म्हणत नाही. पण फोटोत यंत्र नेहमी चालूच दिसतं. तासगावचा प्लास्टिकचा कागद फोटो काढताना सोडून ठेवला जाईल आणि वाईचा फलक फोटोत झगमगेल. मला त्या लाल गाड्या आठवतात, खिडकीतून येणारा साखर कारखान्याच्या मळीचा वास आठवतो, स्टँडवरच्या बाकावर कुणाला न सांगता बसून राहणं आठवतं. घरी बसून या सगळ्याची इतकी आठवण येईल असं मला वाटलं नव्हतं.

यंदा श्रावण लागायच्या आधी मी सांगलीच्या भांड्यांच्या बाजारात गेले आणि एक मोठी पितळेची परात घेतली. नेहमीप्रमाणे वाजवून बघितली, तीन दोऱ्या बांधून सरळ धरून बघितली. गिऱ्हाईक डोक्यावर पडलेलं दिसतंय असं दुकानदाराच्या तोंडावर लिहिलेलं होतं. मग त्याने नाव घालायचं यंत्र काढलं. "काय नाव घालू?" मी आधी हौसाक्काचं माहेरचं नाव सांगितलं. ते मी नानाला फोन करून विचारून घेतलं होतं. आणि त्याखाली घालायला सांगितलं, 'सुटा भाग.'

परात घेऊन एसटीने गावात गेले. हौसाक्काने ती दोन्ही हातांत धरली आणि माहेरच्या नावावरून बोट फिरवलं. बोलायचं काम तिने पहिल्यांदाच सोडून दिलं होतं. मग खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्ये काय लिवलंय?"

"म्हणजे ही परात मशीनची आहे," मी थट्टेने म्हटलं. "हिच्यात पीठ मळायचं नाही. पूर येईपर्यंत नीट जपून, झाकून ठेवायची."

ती माझ्याकडे बघून हसली, तासगावच्या बागायतदाराची गोष्ट तिला मी सांगितलेली होती. "आवं मॅडम," ती म्हणाली, "झाकून ठेवली तर त्या दिवशी घावायची कुठं? रोज मळीन हिच्यात. म्हंजी हाताशी ऱ्हाईल."

आणि तिने चुलीजवळचा डबा उघडून परातीत पीठ घेतलं, मला जेवल्याशिवाय सोडणार नव्हती.